मुसळ की जाते? : घरी बांधलेल्या मोटारीसाठी वांकेल इंजिन

चारठोकी पेट्रोल इंजिनाची आकृती फळ्यावर काढून झाली, की वर्गातला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, चाक तर गोल फिरवायचे आहे, मग दट्ट्या वर-खाली कशाला नाचवायचा?" प्रश्न अगदी रास्त आहे. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक दट्ट्या सेकंदाला २०० वेळा थांबतो आणि उलट दिशेने निघतो. हा मुसळाचा न्याय झाला. जाते मात्र एकाच दिशेने फिरत राहते. मग जात्यासारखे इंजिन का नको?

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. दट्ट्या थांबवताना आणि पुन्हा पळवताना सगळी ऊर्जा फुकट जाते, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. थांबताना दट्ट्या आपली गतिज ऊर्जा बव्हंशी क्रँकशाफ्टला परत देतो. त्याची किंमत मोजावी लागते ती वेगळ्या रूपात: कंपने, भागांवर येणारा ताण, आणि तो ताण सोसण्यासाठी वाढवावे लागणारे वजन. यातली वजनाची बाब लक्षात ठेवावी, कारण आपली गोष्ट तिच्याभोवतीच फिरणार आहे.

फिरते इंजिन बनवण्याचे स्वप्न जेम्स वॉटलाही पडले होते. ते मोटारगाडीत प्रत्यक्ष उतरवले जर्मनांनी आणि टिकवले जपान्यांनी. पण या लेखात आपण ते इंजिन निवडणाऱ्या एका तिसऱ्याच माणसाच्या नजरेने पाहू. हा माणूस इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये आपल्या घराच्या गॅरेजमध्ये लोखंडी नळ्या जोडून स्वतःची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बांधत असतो. सांगाडा उभा राहतो, चाके लागतात, आणि मग पुढच्या रिकाम्या खोबणीपुढे उभा राहून तो विचार करतो : येथे कोणते इंजिन बसवावे?

आपल्याकडे हा छंद जवळजवळ अपरिचित असल्यामुळे त्याविषयी थोडे सांगायला हवे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची अतिशय हलकी, उघडी गाडी बाजारात आणली. ब्रिटनमध्ये त्या वेळी तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर मात्र नव्हता. म्हणून ही गाडी खोक्यांत भरून विकली जाई आणि गिऱ्हाईक ती घरी जोडून घेई. जोडणीच्या सूचना सोबत देण्यास नियमांची आडकाठी होती, म्हणून कंपनी गाडी सुटी करण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या उलट क्रमाने वाचत असे, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. एप्रिल १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी चॅपमन यांनी 'सेव्हन'चे हक्क केटरहॅम या कंपनीला देऊन टाकले. पण लोकांच्या हातांना लागलेली सवय मोडली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक निघाले. त्याच्या नावातच अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधा, असे आवाहन होते. एक इंची चौकोनी पोलादी नळ्या आणि भंगारातली एखादी फोर्ड एस्कॉर्ट एवढ्या भांडवलावर जगभर कितीतरी गॅरेजांत गाड्या उभ्या राहिल्या.

अशा गाडीचे वजन साधारण ५०० ते ६०० किलो. म्हणजे इंजिनात ५० किलो वाचले, तर गाडीचे वजन जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरते. मोठ्या मोटारीत हे ५० किलो कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. येथे मात्र न्यूटनचा दुसरा नियम पुस्तकातून उठून थेट रस्त्यावर येतो. बल तेच, वस्तुमान कमी, त्वरण जास्त. शिवाय इंजिन लहान असेल तर ते मागे आणि खाली सरकवता येते, गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी वळणावर स्थिर राहते. लहान, हलके आणि तरी जोरकस इंजिन हवे असणाऱ्याची नजर वांकेलकडे वळते, ती यामुळे.

फेलिक्स वांकेल यांचा जन्म १९०२ साली जर्मनीतील लार या गावी झाला. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, आणि दृष्टी फार अधू असल्यामुळे मोटार चालवण्याचा परवाना त्यांच्याकडे कधीच नव्हता. तरुणपणी ते नाझी पक्षात होते. पुढे स्थानिक नेत्यांशी बिनसले आणि १९३३ मध्ये काही महिने तुरुंगातही गेले. तरीही नंतर त्याच राजवटीच्या विमान खात्यासाठी त्यांनी फिरत्या झडपांवर आणि सीलांवर काम केले. चरित्रातली ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. दोन सरकत्या पृष्ठभागांमधून वायू निसटू कसा द्यायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. १९५१ साली एनएसयू या कंपनीशी त्यांचे सहकार्य सुरू झाले आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी नेकार्सउल्म येथे त्यांचे पहिले इंजिन चालले.

त्या इंजिनात आतला त्रिकोणी रोटर आणि बाहेरचे कवच असे दोन्ही फिरत. गणिताच्या दृष्टीने ते सुंदर होते, पण ठिणगीचा प्लग बदलायचा तरी सगळे खोलावे लागे. एनएसयूचे अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर ठेवून नवा आराखडा केला. आज ज्याला आपण वांकेल इंजिन म्हणतो ते हेच. वांकेल यांना ते मुळीच आवडले नाही. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलेत, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले म्हणे.

हे इंजिन समजावून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ते कागदावर काढणे. ७० मि.मी. त्रिज्येची पुठ्ठ्याची एक चकती कागदाच्या मध्यावर पक्की करा. ३५ मि.मी. त्रिज्येची दुसरी चकती घ्या, तिच्या केंद्रापासून १५ मि.मी. अंतरावर पेन्सिलीसाठी भोक पाडा, आणि न घसरू देता ती पहिल्या चकतीच्या कडेने बाहेरून फिरवा. (कडांना बारीक सँडपेपर चिकटवला तर घसरत नाही, आम्हांला तो तिसऱ्या प्रयत्नानंतर सुचला.) कागदावर २४ सें.मी. लांब, १८ सें.मी. रुंद आणि मध्ये किंचित चिमटलेली, भुईमुगाच्या शेंगेसारखी आकृती उमटेल. माझदा आरएक्स-७ या मोटारीच्या इंजिनाची पोकळी जवळजवळ तंतोतंत याच मापाची आहे. आता १८२ मि.मी. बाजूचा समभुज त्रिकोण कापून त्या आकृतीत ठेवा आणि हळूहळू फिरवा. त्याची तिन्ही टोके एकाच वेळी वक्राला टेकलेली राहतात. त्रिकोण आणि वक्र यांमधल्या तीन जागा आळीपाळीने मोठ्या-लहान होत जातात, आणि त्याच जागांत शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कासन हे चारही ठोके उरकले जातात. झडपा नाहीत, त्या उघडणारे कॅम नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. वायू आत-बाहेर जाण्याची भोके रोटर स्वतःच झाकतो आणि उघडतो.

रोटर एक फेरा पुरा करतो तेवढ्यात मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. त्यामुळे एका ठोक्याला शाफ्टचे २७० अंश मिळतात. दट्ट्याच्या इंजिनात ते १८० असतात. जोर एकदम हिसका देऊन न मिळता लांबवर वाटला जातो. पहिल्या आरएक्स-७ मध्ये मिनिटाला सुमारे ७००० फेऱ्यांना एक भोंगा वाजे, कारण इंजिन इतके शांतपणे वेग घेई की मर्यादा ओलांडल्याचे चालकाला कळत नसे.

मात्र या इंजिनाचे आकारमान सांगताना भले भले गोंधळतात. एका कक्षाचे आकारमान काढायला सूत्र सोपे आहे : तीन गुणिले तीनचे वर्गमूळ, गुणिले शाफ्टची विकेंद्रता, गुणिले रोटरची त्रिज्या, गुणिले रोटरची जाडी. माझदाच्या बहुतेक इंजिनांत विकेंद्रता १५ मि.मी. आणि त्रिज्या १०५ मि.मी. कायम राहिली, बदलली ती जाडी. ती ६० मि.मी. घेतली की उत्तर ४९१ घ.सें.मी. येते, ७० घेतली की ५७३, आणि ८० घेतली की ६५४. दोन रोटरांची ही अनुक्रमे '१०ए', '१२ए' आणि '१३बी' इंजिने. म्हणजे १३बी झाले १३०८ घ.सें.मी.चे. पण प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा जोर देतो, तर चारठोकी सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा. दर फेऱ्याला १३०८ घ.सें.मी. मिश्रण ओढणारे चारठोकी इंजिन २६०० घ.सें.मी.चे असावे लागेल. कागदावर १३००चे दिसणारे इंजिन कामाला २६००चे, हा चमत्कार नाही. मोजण्याच्या रीतीचा फरक आहे. शर्यतींचे नियम करणाऱ्यांनी तो लवकर ओळखला आणि वांकेल इंजिनाच्या आकारमानाला २ किंवा त्याच्या आसपासच्या गुणकाने गुणायला सुरुवात केली. घरी गाडी बांधणारा मात्र खोबणीची लांबी-रुंदी मोजतो, आणि २६००चे काम करणारे यंत्र एवढ्याशा जागेत मावते हे पाहून खूष होतो.

आता दुसरी बाजू. त्रिकोणाच्या तीन टोकांवर बसवलेल्या सील-पट्ट्या कवचाच्या आतून अखंड घासत फिरतात. १९६१ साली हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, एनएसयूशी करार केला. तोवर ही कंपनी मुख्यतः तीनचाकी मालगाड्यांसाठी ओळखली जाई, आणि जपानी सरकार लहान मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करण्याच्या विचारात होते. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना असे काहीतरी हवे होते, जे दुसऱ्या कोणाजवळ नाही. १९६३ साली केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा विभाग उभा राहिला. चाचणीत इंजिन खोलले की कवचाच्या आतल्या चकचकीत भिंतीवर ओळीने ओरखडे दिसत. अभियंत्यांनी त्यांना 'सैतानाची नखे' असे नाव दिले. शोध घेता घेता कळले की घर्षणाइतकाच दोष कंपनांचाही आहे. पट्टी आपल्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरते आणि भिंत कुरतडते. पट्टीत आडवी-उभी भोके पाडून तिची वारंवारता बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. अनुनादाचे इतके बोलके उदाहरण आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही. पुढे कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुक्त पदार्थाच्या पट्ट्या आल्या आणि ३० मे १९६७ रोजी 'कॉस्मो स्पोर्ट' ही गाडी विक्रीला निघाली : दोन रोटर, ९८२ घ.सें.मी., ११० अश्वशक्ती. तिच्या फार थोड्या प्रती बनल्या. पुढच्याच वर्षी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. त्यांतली एक चौथी आली. दुसरी ८२व्या तासाला बंद पडली, तीही इंजिनामुळे नव्हे, आस निकामी झाल्यामुळे.

ज्यांचे हे अपत्य, त्या एनएसयूची मात्र दैना झाली. तिची 'आरओ ८०' ही गाडीही १९६७ चीच. सगळीकडे वाखाणणी झाली, १९६८ची युरोपातील सर्वोत्तम मोटार ठरली. पण सीले लवकर झिजत आणि कंपनीला हमीखाली इंजिनांमागून इंजिने बदलून द्यावी लागली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या, की चालक हात हलवण्याऐवजी आतापर्यंत किती इंजिने बदलली तेवढी बोटे दाखवत, असा विनोद प्रचलित होता. १९६९ साली एनएसयू फोक्सवागनच्या छत्राखाली गेली.

सीलांचा प्रश्न सुटला तरी पेट्रोलचा सुटला नाही, कारण तो भूमितीतच आहे. ज्वलनाचा कक्ष लांबट, चपटा आणि सरकता असतो. आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा म्हणून उष्णता भिंतीत निघून जाते, आणि ज्योत मागच्या अरुंद कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी प्रत्येक रोटरला दोन प्लग लावावे लागतात. न जळलेला वायू धुराड्याच्या वाटेवरच जाळून टाकण्याची युक्ती माझदाने अमेरिकेतील प्रदूषण-नियमांसाठी केली, पण ती चालू ठेवायला मिश्रणात पेट्रोल जास्त घालावे लागे. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत शहरातल्या वापरासाठी या गाड्यांना गॅलनला जेमतेम १० मैलांच्या आसपास आकडा मिळाला आणि त्यांचा खप कोसळला. पाच कोटी डॉलर मोजून परवाना घेणाऱ्या जनरल मोटर्सने १९७४ साली हात झटकले. सित्रोएनने आपल्या वांकेलच्या ८४७ गाड्या बनवल्या आणि पुढे त्यांतल्या जमतील तेवढ्या परत विकत घेऊन मोडीत काढल्या. तोयो कोग्योला बँकेने हात दिला म्हणून ती तगली. (भारतात १९८० नंतर दिसू लागलेल्या 'स्वराज माझदा' मालगाड्या याच घराण्याच्या, पण त्यांची डिझेल इंजिने साधी दट्ट्याचीच.)

कंपन्यांनी अशी पाठ फिरवली म्हणून हौशी माणसाने ती फिरवावीच असे नाही, कारण त्याचा हिशेब निराळा असतो. मोटार कंपनी लाखो गाड्यांचे पेट्रोल मोजते. रविवारी सकाळी शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला ते फारसे जाणवत नाही. १९७८ साली १२ए इंजिनाची पहिली आरएक्स-७ आली. २००२ पर्यंत तिच्या तीन पिढ्यांत मिळून आठ लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि जसजशा त्यांच्या पत्र्याला गंज चढला तसतशी त्यांची इंजिने जुन्या भागांच्या बाजारात येऊ लागली. जेथे माझदा भरपूर विकल्या गेल्या होत्या, त्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये घरगुती गाड्यांत वांकेल जास्त दिसते, ते याचमुळे.

तरीही वजन आणि जोर एवढेच पाहून निवड करणारा फसतो. या इंजिनात रोटर तेलाने थंड होतो, म्हणून उष्णतेचा मोठा वाटा पाण्याऐवजी तेलात जातो. 'सेव्हन'च्या चिंचोळ्या नाकात मोठा रेडिएटर आणि शिवाय तेलाचा वेगळा कूलर, दोन्ही बसवावे लागतात. कवचाच्या ज्या बाजूला ज्वलन होते ती सदैव तापलेली, आणि शोषणाची बाजू सदैव गार. एकदा जरी इंजिन जास्त तापले तरी थरांमधली पाण्याची सीले जातात आणि सगळे खोलावे लागते. शोषणाची आणि धुराची वाट एकाच बाजूला, एकीवर एक. खालच्या नळीची धग कार्ब्युरेटरला लागू नये म्हणून मध्ये पत्रा घालावा लागतो. टोकांच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल कक्षात सोडून मुद्दाम जाळलेले असते. ते 'गळते आहे' असे समजून पंप बंद करणारे बहाद्दरही असतात, आणि थोड्याच दिवसांत ते नव्या इंजिनाच्या शोधात निघतात. धुराड्याचा आवाज कानठळ्या बसवणारा. आणि कमी वेगाला जोर बेताचा, म्हणजे चढावर गाडी हाकताना गिअर बदलत राहायला हवे.

जुने इंजिन पारखण्याची रीतही वेगळी आहे. नेहमीचा दाबमापक तीन कक्षांपैकी जो सर्वांत सशक्त, त्याचाच आकडा धरून ठेवतो. म्हणजे दोन कक्ष मेलेले असले तरी इंजिन ठणठणीत भासते. म्हणून मापकाची एकमार्गी झडप काढून टाकतात आणि काट्याच्या उड्या पाहतात. दर तीन उड्या सारख्या उंचीच्या आल्या, तर इंजिन घ्यावे. एखादी उडी बुटकी असेल, तर सील गेलेले. आमच्या मते ज्याला या तीन उड्या पाहण्याची हौस आणि सबुरी आहे, त्याने वांकेल निवडावे. रोज नोकरीवर जायला गाडी हवी असेल, तर एस्कॉर्टचे मुसळच बरे.

माझदाने पुढे १९९१ साली चार रोटरांच्या ७८७बी या गाडीवर ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. धुराची वाट बाजूच्या भिंतीत नेऊन आरएक्स-८ काढली, तीही २०१२ मध्ये थांबली. २०२३ साली हे इंजिन एमएक्स-३० या गाडीत परतले, एका रोटरचे, ८३० घ.सें.मी.चे. पण तेथे ते चाके फिरवत नाही. एका ठरावीक पट्ट्यात चालून विजेरीसाठी वीज बनवते.

वजनाचा हाच हिशेब आणखी एका ठिकाणी लागू पडतो, जेथे प्रत्येक किलो हवेत उचलावा लागतो. 'निशांत' या भारतीय वैमानिकरहित विमानाला पूर्वी परदेशातून आणलेले इंजिन लागे. त्याच्यासाठी बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आणि आपल्या अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे, एका रोटरचे वांकेल इंजिन बनवले. त्याचे वजन सुमारे ३० किलो. ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ ते बसवलेले 'निशांत' प्रथम आकाशात गेले.